फॉर्मवर मी लिहिलं होतं, "कुटुंबाचा आधार: नाही"

2024 च्या जुलैमधली गोष्ट. गोव्यात म्हापशाच्या बसस्टँडवर एक पोरगा आमच्या टीमला भेटला आणि त्याच्या पहिल्या फॉर्मवर मी माझ्या हातानं लिहिलं, कुटुंबाचा आधार: नाही. वडील वारलेले, आई दुसरं लग्न करून गेलेली, काकाकडे जागा नाही आणि पोरगा स्टँडवर झोपतोय, मग अजून काय लिहिणार असं तेव्हा वाटलं. ती ओळ चुकीची होती. कशी चुकीची होती ते इथे सविस्तर लिहितेय, कारण तरुण पोरांबरोबर काम करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातून हेच होतं आणि त्याचा भुर्दंड पोराच्या तब्येतीला बसतो.

त्याला हे सगळं वाचून दाखवलंय. गावाचं नाव, नात्यातल्या माणसांची नावं आणि ओळख पटेल असे काही तपशील त्याच्याच सांगण्यावरून गाळलेत किंवा बदललेत.

पोरगा 19 वर्षांचा, डिचोली तालुक्यात खाणपट्ट्यातल्या एका गावचा. रात्री शेवटच्या बसेस सुटून गेल्यावर बाकावर बॅग उशाशी घेऊन पडलेला आणि सारखा खोकत होता, बाहेर तुफान पाऊस. चहा-पाव दिला, जरा बोलायला लागला तसं कळलं की खोकला महिन्याच्या वर झाला, संध्याकाळी अंग गरम लागतं, पँट सैल झालीय म्हणून दोरी बांधलीय. औषध म्हणाल तर फार्मसीतून दोनदा खोकल्याचं सिरप आणलेलं, बस. कागदपत्रं असली तर पुढचं सोपं जातं म्हणून त्याला विचारून बॅग बघितली. दोन टीशर्ट, शॅकवरचा (समुद्रकिनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळीतला) एक ॲप्रन, प्लास्टिकच्या पिशवीत दहावीचं मार्कशीट, वडिलांच्या ट्रकच्या आरसी बुकाची झेरॉक्स आणि एक दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा. डबा घासलेला, कोरडा. झाकणावर एका बाईचं नाव घातलेलं आणि खाली तारीख, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. मी तो हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. स्टँडवर झोपणाऱ्या पोराच्या बॅगेत घासलेला डबा आहे आणि मला एवढंही विचारावंसं वाटलं नाही की हा भरतं कोण.

आधी मागची हकीकत. वडिलांचा स्वतःचा टिपर होता, कर्ज काढून घेतलेला, खनिज वाहतुकीवर. सप्टेंबर 2012 ला खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालल्या, मग फेब्रुवारी 2018 मधे सुप्रीम कोर्टानं 88 लीझ रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. पोरगा तेव्हा 13 वर्षांचा. टिपर घरासमोर उभा राहून गंजला, भंगाराच्या भावात गेला, हप्ते मात्र राहिलेच, वडील प्यायला लागले आणि 2021 मधे गेले. आईनं इंडस्ट्रियल इस्टेटमधे पॅकिंगचं काम धरलं, दीड-दोन वर्षं दिराच्या घरात राहून काढली आणि नंतर दुसरं लग्न करून सावंतवाडीच्या बाजूला गेली. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी राहून बघितल्याशिवाय कुणी देऊ पण नये. बारावीत पोरगा नापास झाला आणि मोरजीला एका शॅकवर कामाला लागला. जेवण-राहणं मालकाकडे, शॅकच्या मागे पत्र्याच्या खोलीत सहा जण.

आता गोव्यातल्या लोकांना हे सांगायला नको पण तरी सांगते, शॅक ऑक्टोबरच्या आसपास उभे राहतात आणि पावसाच्या तोंडावर उतरवतात. म्हणजे पगार आणि छप्पर एकाच दिवशी जातं. जूनमधे तो गावी गेला तर आईवडिलांची खोली चुलतभावाला दिलेली, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. काका म्हणाला, "आत्ता जागा नाही रे, चवथीला ये." चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. मग बारा दिवस करासवाड्याला दोस्ताच्या खोलीवर, आठवडाभर दोडामार्गला मामाकडे, चार रात्री म्हापशातच खोर्लीला आत्याकडे, परत दोस्ताकडे, आणि दोस्ताचा रूममेट कुरकुरला की अधूनमधून स्टँडवर. 2023 चा पावसाळाही त्यानं असाच काढला होता, फक्त तेव्हा स्टँडवर झोपायची पाळी आली नव्हती, म्हणून तो कुणाला दिसला नाही. माझ्या मते तो बेघर झाला तो त्या वर्षी. आम्हाला सापडला वर्षभरानं, छातीत आजार घेऊन.

आपल्याकडे जनगणनेत बेघर कुणाला धरतात, तर जे उघड्यावर, फूटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, रेल्वे प्लॅटफॉर्मवर राहतात त्यांना. 2011 मधे अशी देशभरात साधारण 17.7 लाख माणसं मोजली गेली आणि ती मोजणी झाली 28 फेब्रुवारीच्या रात्री. आता बघा, 28 फेब्रुवारी म्हणजे गोव्यात भर सीझन. अशी पोरं त्या रात्री शॅकच्या, हॉटेलच्या, बांधकामाच्या खोल्यांत असणार. त्यांचं घर जातं जूनमधे आणि तेव्हा मोजायला कुणी येत नाही. याच्या उलट युरोपात 2005 पासून बेघरपणाची जी वर्गवारी वापरतात तिच्यात नाइलाजानं नातेवाईक-मित्रांकडे तात्पुरता राहणारा माणूसही येतो. शिकागो युनिव्हर्सिटीच्या चेपिन हॉलनं 2017 मधे अमेरिकेत असाच अभ्यास केला, तिथे एका रात्रीची डोकी मोजून न थांबता लोकांना मागच्या बारा महिन्यांबद्दल विचारलं, आज याच्या सोफ्यावर उद्या त्याच्या असं राहणारेही धरले, तर 18 ते 25 वयातल्या दर दहांमधे एक निघाला. तिकडचा आकडा इकडे लावता येणार नाही, तिकडची घरं वेगळी नाती वेगळी, पण विचारायची ती पद्धत आपण नक्की घ्यावी, एक रात्र न विचारता एक वर्ष विचारावं.

दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी केंद्रात नेलं, एक्सरे आणि थुंकीची तपासणी झाली आणि टीबी निघाला. साधा टीबी, औषधांना दाद देणारा, हे नशीब. वजन 46 किलो म्हणून रोज तीन गोळ्या, आधीचे 56 दिवस एक कोर्स आणि नंतर 112 दिवस दुसरा, एकूण 168 दिवस, सगळं मोफत. 19 जुलैला सुरू झालं. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे नर्सनं सांगितलं होतं तरी तो घाबरून फोन करत आला. आणि उपाशीपोटी गोळी घेतली की उलटी. स्टँडवर राहणाऱ्या पोराला सकाळी काहीतरी पोटात जाणं म्हणजे केवढा व्याप असतो हे तेव्हा समजलं.

केंद्रावर कॉन्टॅक्टची यादी करतात, घरातल्या कुणाला लागण आहे का बघायला. तिथल्या बाईंनी विचारलं, "घरात माणसं किती?" तो थांबला आणि म्हणाला, "कुठल्या घरात?" तो काही चावटपणा करत नव्हता, त्याला खरंच कळेना. मग एक कोरा कागद घेऊन बसलो आणि जूनपासून कुठे कुठे झोपला, बाजूला कोण होतं, एका खोलीत किती जण, असं सगळं लिहिलं. चार घरं, एक स्टँड, माणसं सतरा. त्यात आत्याची सहा वर्षांची मुलगी. माझ्या सहा वर्षांच्या कामात एखाद्या तरुणाचं कुटुंब मी पहिल्यांदा नीट कागदावर बघितलं ते त्या दिवशी, आणि ते पण टीबीच्या यादीमुळे.

आत्याकडे मी स्वतः गेले. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, मागच्या बाजूला बंद गॅलरी, तिच्यात सिलिंडर आणि जुनी रद्दी. आत्याचे यजमान बाजारात एका दुकानात कामाला. टीबीचं नाव काढताच ते उभेच राहिले, म्हणाले "मॅडम, आमच्या घरात लहान पोर आहे, तुम्हाला काय जातंय सांगायला." त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, त्यांनी समजावलं की नीट औषध चालू राहिलं तर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप कमी होतो, तोवर हवा खेळती ठेवायची, सगळ्यांनी तपासून घ्यायचं, मुलीला आजार नसला तरी प्रतिबंधाचं औषध द्यायचं. ते ऐकून गप्प झाले. आत्या तोवर काहीच बोलली नव्हती. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "त्याच्याकडचा डबा माझाच आहे हं. माझ्या लग्नातला."

जूनपासून रोज सकाळी आठच्या सुमारास, यजमान कामावर गेले की, तो मागच्या दारी यायचा, कालचा डबा घासून आणलेला असायचा, भरलेला घेऊन जायचा. भात, आमटी, कधी सुक्या बांगड्याचा तुकडा. यजमानांना माहीत होतं. रात्री भात जरा जास्त शिजतोय हे त्यांना दिसत होतं आणि ते बोलत नव्हते, ते न बोलणंसुद्धा मदतच होती. आणि फॉर्मवर मी काय लिहिलं होतं तर आधार नाही.

इरावती कर्व्यांनी 1953 मधे एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केलीय, एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचं जेवणारे, मालमत्ता एकत्र असलेले, एकाच कुलाचाराला जमणारे, नात्यातले लोक. परीक्षेत लिहिली आणि विसरले. त्या रात्री ती आठवली ती वेगळ्याच अर्थानं. या पोराचं कुटुंब मोडलंय म्हणून मी त्याला सोडून दिलं होतं, आणि कुटुंब तर होतंच, फक्त या पाच गोष्टी पाच ठिकाणी गेल्या होत्या. छप्पर कुठेच नाही. चूल आत्याची. मालमत्ता काकाच्या ताब्यात, वडिलोपार्जित घरात गोव्याच्या कायद्यानं मुलाचा वाटा आहेच, बापाला मृत्युपत्र करूनसुद्धा मुलांचा अर्धा हिस्सा काढून घेता येत नाही. देव काकाच्या घरात, चवथीला बोलावणं आहे. आणि आई सीमेपलीकडे, फोनवर. आपल्या जनगणनेत कुटुंब ठरतं ते एका स्वयंपाकघरावर, बेघरपण ठरतं छपरावर, रेशन कार्ड आणि आरोग्य कार्ड ठरतं कुटुंबप्रमुखाच्या नावावर. पोरगा या सगळ्यांच्या मधे कुठेतरी.

आम्ही सुरुवातीला काय करायला निघालो होतो ते सांगते, कारण ती दुसरी चूक. दुसऱ्या शहरात एका निवाऱ्यात त्याच्यासाठी जागा बघितली होती. शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा केंद्राचा मापदंड तेव्हा होता, एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा एक निवारा, आणि म्हापसा तर 2011 मधे चाळीस हजारांच्या आसपासचं शहर, आपल्याकडची गावंशहरं त्या मापात बसतच नाहीत, म्हणून लांबची जागा. 1098 ही मुलांची हेल्पलाइन, ती अठराच्या आतल्यांसाठी. संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना 18 नंतर आफ्टरकेअर आहे, पण ते जे बालगृहात वाढले त्यांना, हा कधी कुठल्या संस्थेत नव्हता, हा घरातच वाढला. म्हणून लांबचा निवारा. तिथे गेला असता तर छप्पर मिळालं असतं आणि डबा सुटला असता, आणि डबा सुटला असता तर माझी खात्री आहे की पंधरा दिवसांत गोळ्याही सुटल्या असत्या. तोच नाही म्हणाला. "आत्याकडे रोज जावं लागतं मला," एवढंच. तेव्हा मला तो हट्टी वाटला होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला घसरलं. करासवाड्याच्या खोलीवर दोस्ताच्या रूममेटला टीबीचं कळलं, त्यानं रात्रीत बाहेर काढलं, गोळ्या खोलीतच राहिल्या आणि लाजेनं हा मागायला पण गेला नाही, आम्हाला पण सांगितलं नाही. सहा दिवस औषध नाही. कळलं ते आत्याकडून, कारण डबा दोन दिवस आला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्यातला भात तसाच होता. आमच्या रजिस्टरमधे सगळं ठीक होतं.

त्यानंतर गोळ्या आत्याकडे ठेवल्या. केंद्रावर विचारून. रोज सकाळी डब्याच्या वरच्या कप्प्यात, पट्टीतून कापलेल्या तीन गोळ्या, खालच्या कप्प्यात जेवण. तिथेच मागच्या पायरीवर बसून आधी दोन घास पेज, मग गोळ्या, आणि आत्या दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या. कुणी तिला ट्रेनिंग दिलं नव्हतं. संगाथ संस्थेनं गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित माणसांकडून डिप्रेशनच्या पेशंटना समुपदेशन देऊन ते उपयोगी पडतं हे दाखवलंय, 2010 आणि 2017 चे ते अभ्यास जगभर वाचले गेले. मला ते पायरीवर उभं राहून आठवलं, की साध्या माणसाच्या हातून किती होऊ शकतं. फरक एवढाच की तिथे कुणी काय शिकवायचं ते आधी ठरवलं होतं, आणि इथे आम्ही फक्त आड यायचं थांबलो.

ऑगस्टच्या मध्याला आत्याच्या यजमानांनी स्वतःहून गॅलरी रिकामी केली. मुलीची तपासणी नॉर्मल आली होती, तिचं प्रतिबंधाचं औषध सुरू होतं, आणि डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं होतं. म्हणाले, "पावसापुरतं झोप इथे." प्लास्टिक बांधलं, खिडकी उघडी ठेवली. बोलणं अजून कमीच होतं दोघांचं.

7 सप्टेंबरला चवथ. मी म्हटलं जाऊ नकोस, काकाशी वाद होईल, तब्येत सांभाळ. परत माझं चुकलं. तो गेला. घर भरलेलं, गणपतीवर फळांची माटोळी बांधलेली, आजीनं दारातच म्हटलं, "यो, आदीं जेव." आरतीला काकानं काही न बोलता घुमट हे वाद्य त्याच्या हातात दिलं, लहानपणापासून तोच वाजवायचा. दुसऱ्या दिवशी आजीनं ट्रंकेतून त्याचं आधार आणि जन्मदाखला काढून दिला. आरोग्य योजनेच्या कार्डाची काकानं झेरॉक्स दिली, ओरिजिनल घरीच राहू दे म्हणाला, सगळ्यांचं एकच कार्ड आहे. आधार हातात नव्हतं म्हणून आतापर्यंत त्याला भाड्यानं खोली घेता येत नव्हती, भाडेकरू पडताळणीच्या फॉर्मला ओळखपत्र लागतं. बँकेचं खातं आईबरोबरचं, तो अज्ञान असतानाचं, त्यामुळे टीबीच्या पेशंटला पोषणासाठी मिळणारे महिना 500 रुपये, जे नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, ते अडकले होते. त्यासाठी आई एक दिवस सावंतवाडीहून आली, बँकेतलं काम झाल्यावर दोघं स्टँडवर त्याच बाकावर दोन तास बसली होती. काय बोलली ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

घरातल्या वाट्याचं मी एकदा काढलं, वकिलांचा सल्ला मोफत मिळू शकतो म्हटलं. तो म्हणाला, "ताई, त्यावर आत्ता भांडलो तर चवथ पण जाईल." 19 वर्षांच्या पोरानं केलेला हा हिशेब आहे आणि मला तो पक्का वाटतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायलाच हवी. घरी मारहाण होते, अत्याचार होतो म्हणून पळालेल्या पोरापोरींना नात्यांकडे ढकलायचं नाही, कधीच नाही. ऑस्ट्रेलियात 1999 पासून रिकनेक्ट नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, घर सुटायच्या बेतात असलेल्या किंवा नुकत्याच सुटलेल्या पोरांना कुटुंबाशी, शाळेशी, कामाशी परत जोडायचा, पण घरी परत जाणं हेच ध्येय तिथेही धरत नाहीत, सुरक्षित असेल तेवढंच नातं जोडायचं. मी सांगतेय ते त्यातलंच. काकाचं घर त्याला परत मिळालं नाही. पण आत्याची पायरी, आजीची ट्रंक, आईची सही, काकाचं घुमट, एवढं होतं, आणि 168 दिवस त्यावर निघाले. बुडालेले दिवस पुढे भरून काढून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोर्स संपला, वजन 53 किलो. यादीतल्या बाकी कुणालाही आजार निघाला नाही.

ऑक्टोबरमधे शॅकवाल्यांचा फोन आला होता. तो गेला नाही, म्हापशातच एका हॉटेलात किचनमधे लागला आणि तिथल्याच पेडे भागात दोन मालवणी पोरांबरोबर खोली घेतली, वाट्याला 2500 रुपये, डिपॉझिटला आमच्या गटानं मदत केली. पगार कमी आहे. पण जूनमधे ही खोली उतरवायला कुणी येणार नाही.

आमचा फॉर्म आम्ही बदलला. "कुटुंबाचा आधार: आहे / नाही" हा रकाना काढला. आता विचारतो, मागच्या बारा महिन्यांत कुठे कुठे झोपलास, जेवण कुणाकडे, कपडे कुणाकडे, कागद कुणाकडे, तापानं पडलास तर पहिलं कुणाला कळेल, आणि चवथीला किंवा नाताळला कुठल्या घरात. वेळ जास्त लागतो, कधीकधी तासभर. नवीन मुलं टीममधे येतात त्यांना कंटाळा येतो, मी बसवून घेते.

जुलैचा तो जुना फॉर्म फाइलमधे तसाच आहे. माझी ओळ खोडली नाही, तिच्याखाली दुसऱ्या पेननं लिहिलंय: झोप, पेडे. जेवण, हॉटेलात, रविवारी आत्याकडे. कागद, स्वतःजवळ, आरोग्य कार्ड सोडून. आजारपणात कळेल, आत्याला. चवथ, गावी.